धूर कुठं गेला?

आमच्या घरात सकाळी दोन आवाज ठरलेले असत. एक आप्पांच्या बुटांवर ब्रश फिरल्याचा आणि दुसरा आईचा. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून परत आले, रानात चिखल तुडवायला लागले, पण रोज बूट चमकवायची सवय काही सुटली नाही. चमकवलेले बूट ते ओसरीवर जोडीनं ठेवत आणि स्वतः अनवाणी रानाकडं चालू लागत. आई त्या वेळी चुलीपुढं भाकरी थापता थापता त्या दिवसाचा धडा म्हणत असे. ती गावातल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायची. "ऊर्जा निर्माण करता येत नाही," हे ती परातीला सांगायची आणि "नष्टही करता येत नाही," हे तव्याला. भाकरी टम्म फुगली की मला हाक मारून म्हणायची, "बघ, पाण्याची वाफ झाली, वाफेनं पापुद्रा उचलला, म्हणजे कार्य झालं." दहावीचं निम्मं विज्ञान मला असं भाकरीच्या वासासकट पाठ झालं. आता मी सांगलीत हाच विषय शिकवते, आणि अजूनही 'कार्य आणि ऊर्जा' अशी अक्षरं छापलेली दिसली की मला भूक लागते. कुणाला सांगितलं तर हसतात, म्हणून सांगत नाही.

आई वाईची. लग्न होऊन ती कुंडलच्या जवळच्या आमच्या गावी आली तेव्हा तिच्या पेटीत साड्यांखाली पदार्थविज्ञानाची जाड पुस्तकं होती, आणि ती उतरवून घेताना हमालानं आत दगड आहेत का विचारलं होतं, असं आप्पा सांगायचे. आप्पांच्या बोलण्यात तिखटमीठ पुष्कळ असे, तेव्हा हे कितपत खरं देव जाणे. पण आमच्या घरात दोन मराठी आणि दोन आमट्या होत्या हे मात्र खरं. आईच्या आमटीत गुळाचा खडा पडायचाच, आणि आप्पा पहिला घोट घेऊन म्हणायचे, "मास्तरीणबाई, ही आमटी हाय का बासुंदी?" मग ताटात हिरव्या मिरचीचा खर्डा घेऊन ते त्या गोडीचा हिशेब चुकता करायचे. इतकी वर्षं गावात राहून आईची जीभ 'आहे'वरून 'हाय'वर कधी घसरली नाही. गावाला तिचा आदर होता, पण तिच्यापाशी गावातल्या आतल्या गोष्टी कुणी बोलायचं नाही. बाया तिच्याशी बोलायला आल्या की आधी पदर सारखा करायच्या. शाळेत मी तिला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई', असा नियम तिनंच घातला होता. पाचवीत एकदा भर वर्गात माझ्या तोंडून 'आई' निघालं, तर तिनं शांतपणे विचारलं, "कुणाची?" वर्ग आठवडाभर त्यावर हसत होता.

मी नववीत जायच्या सुट्टीत आई साताऱ्याला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला गेली आणि येताना जागतिक तापमानवाढ घेऊन आली. म्हणजे तोवर पुस्तकात त्यावर एक परिच्छेद होता आणि तो आम्ही घोकत होतो, पण आईला आता त्याचं वेड लागलं. शाळेच्या मैदानात तिनं एक डबा काळा रंगवून आणि एक तसाच पांढरा उन्हात ठेवला, दोन्हीत पाणी भरून तापमापी बुडवली. वर्गात ती घरून गोधडी घेऊन आली आणि माझ्याच अंगावर टाकून विचारू लागली, "गोधडी गरम असते का?" सगळे म्हणाले, असते. "मग ती सावलीत दोरीवर टाकलेली असताना हात लावून बघा. गोधडी स्वतः काही ऊब देत नाही. अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकंच. ऊन हवेतून सरळ आत येतं, जमीन तापते, तापलेली जमीन ती उष्णता पुन्हा वर सोडते. ही उष्णता आपल्याला दिसत नाही. कार्बन डायऑक्साइड तिला वाटेत अडवतो. तो वाढला म्हणजे पृथ्वीवर आणखी एक गोधडी पडली. कळलं?" मे महिना नुकता सरलेला, मी गोधडीत घामानं निथळत होते. मला तरी पुरतं कळलं होतं.

तिचा सगळ्यात गाजलेला तास मात्र उसाचा. तिनं एक उभा ऊस मुळासकट वर्गात आणवला आणि विचारलं, एवढं याचं वजन आलं कुठून? कुणी म्हणालं मातीतनं, कुणी पाण्यातनं, मागून एकजण म्हणाला, "युरियातनं बाई." पाणी काढून टाका, आई म्हणाली, वाळवा त्याला, मग उरतं ते जवळजवळ सगळं हवेतून आलेलं. पानं हवेतला कार्बन घेतात, उन्हाची ऊर्जा घेतात, आणि त्याचं खोड होतं, साखर होते. ऊस म्हणजे साठवलेलं ऊन. तो जाळला की ते ऊन उष्णता होऊन सुटतं आणि कार्बन हवेत परत. ही गोष्ट पोरांनी घरी जाऊन सांगितली आणि गावभर एकच विनोद झाला. पारावर बसलेली माणसं आप्पांना विचारायची, "हवालदार, हवंतनं ऊस येतुया म्हनं. मग आमी कवाधरनं पानी कुनाला पाजतुय?" आप्पा हसायचे, पण घरी आल्यावर त्यांनी मला तो तास पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगायला लावला आणि मध्ये एकदाही हसले नाहीत.

त्या वर्षी आप्पांनी ऊस गेल्यावर पाचट पेटवलं नाही. ऊस तोडून नेला की रानात वाळक्या पाल्याचा हा गुडघाभर थर पडतो. काडी लावली की तासाभरात रान मोकळं होतं, म्हणून सगळा गाव तो जाळायचा. आमचं रान शाळेच्या वाटेवर, रस्त्याला लागून. तिथं पाचट तसंच पसरलेलं बघून लोक थांबायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे. त्या रानाला नावच पडलं, 'बाईंचं रान'. पावसाळ्यात आई वर्ग घेऊन तिथं यायची, पाचट उचलून खालची ओल आणि गांडुळं दाखवायची. आप्पा कडेला उभे राहून मुलांना एकेक ऊस मोडून द्यायचे, फौजेत बक्षीस देतात तसे, ताठ उभे राहून. मी पुढच्या बाकावर बसणारी, बाईंची मुलगी आणि वर त्या रानाची मालकीण. तेव्हाचा माझा तोरा आठवला की आज मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

आणि आईनं एक पद्धत सुरू केली. गावात कुणाचं पाचट किंवा उभा ऊस जळाला की दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या मुलानं फळ्याच्या डाव्या बाजूला, खिडकीपाशी उभं राहायचं. आई विचारायची, "धूर कुठं गेला?" मग त्यानं सांगायचं, कार्बन कुठून आला होता, कुठं गेला, ऊर्जेचं काय झालं. सांगून झालं की आई म्हणायची, "छान. बस खाली." आईच्या लेखी ही शिक्षा मुळीच नव्हती. ज्याच्या घरची गोष्ट त्यानं सांगितली की त्याला ती नीट उमगते, असं तिला मनापासून वाटायचं. खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्याला काय वाटायचं, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. तिला सोडून.

सुवर्णा माझ्या मागच्या बाकावर बसायची. विळ्यानं कापल्याच्या बारीक खुणा असलेले हात, डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. त्या हंगामात तिच्या वडिलांचा उभा ऊस जळाला. ती खिडकीपाशी गेली आणि आधी एवढंच म्हणाली, "बाई, तारा घासल्या." हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. उभा ऊस कुणाचाही जळू दे, विजेच्या तारा घासल्या आणि ठिणगी पडली, असंच म्हणायचं असतं. ऐकणाऱ्यानंही मान हलवून "व्हय, वारंच लय हुतं" म्हणायचं असतं. खरी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो, त्याला आम्ही तोड म्हणतो. ती येता येत नाही, ऊस उभ्या उभ्या वाळतो. पण जळका ऊस लवकर गाळला नाही तर वाया जातो, म्हणून त्याला रांगेतून बाहेर काढून आधी नेतात. मग ज्याला थांबणं परवडत नाही तो आपल्या हातानं आपल्या उसाला काडी लावतो. आईला हे माहीत नव्हतं. आधी एकदा कुणी तारा घासल्या म्हटल्यावर तिनं त्यावर शॉर्टसर्किटचा अख्खा तास घेतला होता, ढिल्या तारांबद्दल वीज महामंडळाला अर्ज करायला हवा म्हणाली होती, आणि आम्ही सगळे खाली मान घालून आकृती काढत होतो.

"कशानंही पेटू दे," आई त्या दिवशी सुवर्णाला म्हणाली, "धूर कुठं गेला ते सांग."

सुवर्णानं सांगितलं, सगळं बरोबर. आणि मग म्हणाली, "पर बाई, उसानं हवंतनं घेतलं हुतं तेच माघारी दिलं की. नवं काय गेलं वर?"

आईला असा आनंद झाला की विचारू नका. "शाब्बास!" म्हणून ती फळ्याकडं वळली. बरोबर आहे तुझं, म्हणाली, उसाचा कार्बन गेल्या वर्षीचाच. दगडी कोळशाचा, डिझेलचा कार्बन युगानुयुगं जमिनीत पुरलेला, खरी गोधडी त्यानं वाढते. पण पाला जमिनीत कुजला असता तर थोडा कार्बन मातीतच राहिला असता, युरिया कमी लागला असता, आणि युरिया करायला लागणारी ऊर्जा वाचली असती. बाणांवर बाण काढत तिनं फळा भरून टाकला. इतका सुंदर तास मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. सुवर्णा तेवढा वेळ खिडकीपाशीच ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. घंटा झाली, आई पुस्तकं उचलून निघून गेली. "बस खाली" म्हणायचं त्या दिवशी ती विसरली.

पुढच्या वर्षी, मी दहावीत असताना, तोडीचे हाल झाले. पाऊस लांबला, रानं ओली राहिली, ऊस तोडणाऱ्या टोळ्या उशिरा आल्या आणि आल्या त्याही थोड्या. बघता बघता उसाला तुरे आले. लांबून पांढरे तुरे वाऱ्यावर डुलताना छान दिसतात, पण तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, रस आटतो. आप्पा रोज कारखान्याच्या गटऑफिसात जाऊन यायचे. फौजेतल्या माणसाला रांगेत उभं राहायचं वावडं नसतं, पण विनवणी त्यांच्यानं होत नसे. येताना ते रानातून एक ऊस मोडून आणायचे, ओसरीवर बसून तो मधोमध चिरायचे आणि आतला कापसासारखा भाग अंगठ्यानं दाबून बघायचे. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, त्याला आमच्याकडं चिटबॉय म्हणतात, एकदा घरी चहाला आला. बशीतला चहा फुंकत म्हणाला, "आप्पा, नंबरानं यायचं म्हटलं तर लय टाइम हाय बगा. जळीत असलं की आमाला नंबर बगावा लागत न्हाई. लगीच टोळी."

आई आत पेपर तपासत होती. तिनं तिथूनच आवाज दिला, "बरोबरच आहे ते. अपघात झालेल्याला सवलत द्यायलाच हवी."

चिटबॉयनं आप्पांकडं पाहिलं आणि आप्पांनी बशीत पाहिलं. मी दारात उभी होते. मला त्या क्षणी आईची लाज वाटली, आणि लाज वाटल्याबद्दल आणखी वाटली. तेव्हाच आत जाऊन तिला सांगता आलं असतं की आई, अगं, अपघात नसतो तो. पण घरातल्या सगळ्यात शहाण्या माणसाला असं काही सांगायची आमच्या घरात रीत नव्हती.

मग वाईला मामाच्या मुलाचं बारसं निघालं. आप्पा म्हणाले, "तुमी दोगी जावा. माजी पान्याची पाळी हाय." वाळत्या उसाला पाणी कशाला, असं मला वाटलं नाही. बारसं झालं, आईनं माहेरच्या अंगणात बहिणींबरोबर भरपूर हसून घेतलं, आणि रविवारी आम्ही कराडवरून गावच्या एसटीत बसलो. गाडी गावच्याच माणसांनी भरलेली, कुणाच्या मांडीवर बाजाराची पिशवी, कुणाच्या पायाशी कोंबडी. दिवस मावळून उजेड थोडा शिल्लक होता. फाटा ओलांडला आणि खिडकीतून लांबवर जाळ दिसला. ऊस पेटला की फटाक्यांच्या माळेसारखा तडतडतो, तो आवाजही येऊ लागला, आणि मागोमाग जळक्या काकवीचा वास.

"बघा!" आई उठूनच उभी राहिली. तिला गाडीत ओळखत नव्हतं असं कुणीच नव्हतं. "अजून आपली माणसं सुधारत नाहीत. एवढं घसा फोडून सांगते मी." मग माझ्याकडं वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाली, "चला, उद्या फळ्यापाशी कोण येणार ते कळेल आता. ओढ्याच्या अलीकडं आहे ना? कुणाचं रान येतं गं तिथं?"

ओढ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून, कुणाचं रान येतं ते मला दिसत होतं. गाडीतली बोलणी एकेक करून थांबली. कोंबडीसुद्धा गप्प झाली असं मला आठवतं, पण ते खरं नसेल. आई अजून उभीच होती, वरचा दांडा धरून, वाकून बघत. कंडक्टर तिच्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "बाई, बसा खाली. तुमचाच दिसतुया."

गाडी आमच्या रानाशेजारून गेली तेव्हा काचा तापल्या होत्या. मागून एका म्हातारबानं गावाला शोभेल असं केलं. तो म्हणाला, "तारा घासल्या असत्याल, बाई. वारंच लय हाय." आणि सगळी गाडी म्हणाली, "व्हय, व्हय, वारंच लय हाय." बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. त्या क्षणी आईला कळलं. नुसतं आमचा ऊस जळतोय एवढंच नाही, तर गेली दोन वर्षं तिला काय सांगितलं जात होतं तेही. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. मान वर करायचं बळ मला त्या दिवशीच काय, पुढं कितीतरी दिवस आलं नाही.

आप्पा ओसरीवर अंघोळ करून बसले होते. कानाच्या पाळीमागं काजळी राहिली होती आणि एका हाताच्या मनगटावरचे केस जळले होते. आत त्यांनी दूध तापवून झाकून ठेवलं होतं, आमच्यासाठी. आई चपला न काढता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मीच पेटिवला," आप्पा म्हणाले. तारा, वारा काही नाही.

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर हो म्हनली असतीस?"

"नाही."

"मग?" आप्पा म्हणाले, "तुला शाळंत खोटं बोलाय लागू ने म्हनून सांगितलं न्हाई. आता तुला म्हनता यील, मला ठावं नव्हतं."

"अहो, तेच तर खरं आहे," आई म्हणाली. "मला काहीच ठावं नव्हतं." तिच्या तोंडून 'ठावं' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग ती आत गेली आणि आमटी टाकली. त्या दिवशी तिनं गूळ घातला नाही. आप्पांनी एक घोट घेतला, वाटीकडं बघितलं आणि खर्डा न मागता जेवले.

सकाळी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे पापुद्रे पडलेले होते. आईनं भाकरी केली, पण धडा म्हटला नाही. नुसत्या थापण्याचा आवाज मला सोसेना. ताप आला असं सांगायचा विचार मी केला, पण आई तापमापी आणील हे मला माहीत होतं. शाळेची वाट आमच्या रानावरूनच. टोळी आली होती. कोयते सपासप चालत होते, काळ्या उसाच्या मोळ्या ट्रॅक्टरवर चढत होत्या, आणि इतके दिवस उद्या-परवा म्हणणारा चिटबॉय बांधावर उभा राहून हसून आईला नमस्कार करत होता. आप्पा टोळीच्या मागं वाकून उसाचे राहिलेले बुडखे गोळा करत होते. त्यांनी वर बघितलं नाही. वाटभर मी मनात घोकत होते, पानांनी कार्बन घेतला, उन्हाची ऊर्जा घेतली. तीन ओळींच्या पुढं जाता येत नव्हतं. आज खिडकीपाशी मी, एवढंच डोक्यात. आईला सांगायचं होतं की आजच्या दिवस नको. पण शाळेच्या वाटेवर ती आई होती की बाई, हे आमचं कधी ठरलं नव्हतं.

वर्गात माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. आई आली, हजेरी झाली. तिनं खडू घेतला, फळ्याकडं वळली आणि लिहिलं: भिंगे. तो धडा अजून पुष्कळ लांब होता. मला सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच, कारण मागं सगळा वर्ग तो शब्द वाचत होता आणि प्रत्येकाला कळलं होतं की बाईंच्या मुलीला बोलावणं नाही. आईच्या खांद्यावर, साडीच्या पांढऱ्या काठावर, एक काळा पापुद्रा बसला होता. तिनं बहिर्गोल भिंगाची आकृती काढायला घेतली. अर्धी काढली. खडू थांबला.

मग तिनं फळा पुसला, डस्टर नेहमीसारखं खुर्चीवर ठेवलं, कारण वर्गात ती कधी बसतच नसे, आणि चालत जाऊन फळ्याच्या डाव्या बाजूला, खिडकीपाशी उभी राहिली. "सुवर्णा, इकडे ये."

सुवर्णा घाबरून उठली. "बाई, आवंदा आमचं न्हाई जळालं."

"माहितेय. हा खडू धर. विचार मला."

सुवर्णानं खडू घेतला. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि मग गावानं जे करायचं असतं तेच केलं. "बाई, तारा घासल्या असत्याल," ती म्हणाली.

"नाही," आई म्हणाली. "आमच्या घरानं पेटवला. तू विचार."

"धूर..." सुवर्णानं हातातल्या खडूकडं पाहिलं. "धूर कुठं गेला, बाई?"

आई सांगू लागली. हात मागं बांधून, समोर भिंतीकडं बघत. पानांनी हवेतला कार्बन घेतला, उन्हाची ऊर्जा घेतली, त्याचा ऊस झाला. काल तो जाळला. ऊर्जा उष्णता होऊन गेली. कार्बन हवेत गेला, आणि हवेतून तो कुठं जात नाही, इथंच आहे, या वर्गातसुद्धा आहे. ज्या तासाला ती फळा भरून टाकायची तो एवढ्यात संपला. तिचा आवाज बाईंचा नव्हता. खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या सगळ्यांचा जो व्हायचा तोच तिचा झाला होता, आणि ती काय बोलतेय हे ऐकण्याऐवजी मी माझ्या नखांकडं बघत होते. मला तिची लाज वाटत होती, आप्पांची वाटत होती, आणि त्या पुढच्या बाकाची वाटत होती, ज्यावर मी दोन वर्षं ऐटीत बसले होते.

आई थांबली. सुवर्णानं पुढचा प्रश्न विचारला. तो पद्धतीत नव्हता. आईनं कधी कुणाला विचारलेला नव्हता.

"बाई, तोड आली का?"

आईनं भिंतीवरची नजर काढून तिच्याकडं पाहिलं. "आली," ती म्हणाली. "आज सकाळीच."

"आमचीबी दुसऱ्याच दिशी आल्ती," सुवर्णा म्हणाली. रागानं नाही. वडिलांनी बरोबर केलं होतं की चूक, यातलं काही तिच्या आवाजात नव्हतं. नुसतं सांगितलं.

आज माझ्या वर्गातली मुलं सोलर पॅनेलवर, कार्बनच्या आकड्यांवर फाडफाड बोलतात. अशी मुलं बोलत असताना मी मध्येच विचारते, तोड आली का रे तुमची? त्यांना वाटतं, बाई विषय सोडून बोलतात.

त्या दिवशी वर्गात आई काहीतरी बोलेल म्हणून सगळे थांबलो होतो, आणि ती खिडकीपाशी तशीच उभी होती, हात मागं, पदरावर तो काळा पापुद्रा. ती कशासाठी थांबली आहे ते कुणाला कळेना. सुवर्णाला कळलं. ती तिथं उभी राहून आलेली होती.

"छान," ती अगदी हळू म्हणाली. "बसा खाली, बाई." मग माझ्याकडं वळली, कारण मीही उभी होते, कधी उठले मला कळलं नव्हतं. "शुभे, तूबी बस गं."

खुर्चीवर डस्टर होतं. आई माझ्या बाकावर आली, मी आत सरकले, आणि आम्ही दोघी खाली बसलो.